हलू नका

“काका, हलू नका ना. टेबल हलतंय.”

दुरुस्तीवालीने भिंगावरून डोळा न काढता हे म्हटलं आणि मला फस्सकन हसू आलं. हसायला नको होतं, पण ते कळेपर्यंत हसून झालं होतं.

हसू आलं त्याला कारणही तसंच होतं. ज्या माणसाने उभा जन्म सगळ्या गावाला ‘हलू नका’ म्हणण्यात घालवला, त्याला आज विशी-पंचविशीतली एक पोर ‘हलू नका’ म्हणत होती. आमचे हे म्हणजे फोटोवाले. बाजारातल्या कोपऱ्यावरचा स्टुडिओ ह्यांचा. ह्यांचं खरं नाव बँकेला आणि मला सोडून फारसं कुणाला ठाऊक नसेल. सगळे ‘हलूनका’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागे म्हणजे दुकानाच्या पायरीवर उभं राहून, त्यामुळे आत सगळं स्वच्छ ऐकू यायचं.

ह्यांनी टेबलावरचा उजवा हात उचलला आणि खिशात घातला. खिशातही तो थरथरतच होता, कापड हलताना दिसत होतं. चेहरा मात्र पासपोर्टच्या फोटोसारखा करून ठेवला.

“सॉरी हं,” ते म्हणाले.

“सॉरी कसलं काका. तार केसाएवढी आहे, मी जोरात श्वास सोडला तरी उडते.”

तिला बिचारीला काय माहीत! तिच्या समोर आमचा व्हिडिओ कॅमेरा पोट उघडून पडला होता, आणि आतून बाहेर काढलेल्या हिरव्या पट्टीवर ती अगदी नाक टेकवून काम करत होती. मी बाक सरकवून ह्यांच्याजवळ घेतला. ह्यांचा हात खिशातून काढला, माझ्या मांडीवर घेतला आणि वर पर्स ठेवली. ह्यांनी तो काढून घेतला नाही, हेच नवल.

कॅमेरा कसा मोडला ते सांगायला हवं, पण त्यासाठी आधी ‘हलू नका’ सांगायला हवं.

ह्यांचा पहिला कॅमेरा होता भला दांडगा, स्टँडवर बसवलेला. स्टुडिओत उजेड बेताचा. त्या कॅमेऱ्याची झडप सावकाश मिटायची, आणि तेवढ्यात कुणी हललं की चेहरा दुधावरच्या सायीसारखा पसरायचा. म्हणून ‘हलू नका’. गिऱ्हाईक आलं की काउंटरवर मी असायची. कंगवा मी द्यायची, भिंतीवरचा कोट मी द्यायची. कोट एकच. जाड माणसाला तो मागून उघडाच राहायचा, आणि बारीक माणसाच्या पाठीवर मी कपड्यांचे चिमटे लावायची. फोटोत समोरून सगळे साहेब. मग आतून आवाज यायचा, “मान वर. थोडी डावीकडे. हं. आता हलू नका.” आणि मग क्लिक. क्लिक झालं की आतला माणूस असा काही श्वास सोडायचा, की मला काउंटरवर ऐकू यायचा.

पुढे चांगले कॅमेरे आले, लख्ख दिवे आले, पण ह्यांच्या तोंडचे शब्द काही गेले नाहीत. आमची लेक शाळेत जायला लागली तेव्हा ह्यांनी हौसेने हा व्हिडिओ कॅमेरा घेतला. छोटासा, हातात मावणारा, आत काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट. पहिल्याच संध्याकाळी आम्हाला सगळ्यांना घरामागच्या मोकळ्या जागेत उभं केलं. मी, लेक आणि खुर्चीत बसलेले माझे सासरे. ह्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, “हलू नका.”

आम्ही कशाला हलतोय! उभे राहिलो. फोटो क्लिक झाला की संपतो, पण व्हिडिओला क्लिक कुठे असतं? आम्ही उभेच. माझ्या नाकावर माशी बसली. मी ओठ न हलवता विचारलं, “झालं का?”

“बोलू नकोस. चालू आहे.”

“अहो, चालू आहे तर आम्हालाही चालू द्या ना!”

पण नाही. ह्यांना सवय मोडता आली नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. ह्यांनी डोळ्याला काही लावलं की आमचे पाय आपोआप जमिनीला चिकटायचे. त्यामुळे आमच्या घरात व्हिडिओच्या कॅसेटी पुष्कळ आहेत, पण त्यांत कुणी काही करत नाही. तळ्यावर गेलो, तळ्यासमोर उभे. लेकीचा वाढदिवस, केकवर सुरी धरून उभे, आणि मेणबत्त्या वितळून केकवर आलेल्या. पाहुणे म्हणायचे, तुमचे व्हिडिओ फ्रेम करून भिंतीला लावा.

आता हाताचं. ह्यांचा हात थरथरतो हे आधी मला कळलं नाही, कपबशीला कळलं. सकाळचा चहा घेताना बशी वाजायला लागली. डॉक्टरांनी बघितलं, ह्यांना कागदावर गोल काढायला लावले, आणि म्हणाले, “जिवाला काही धोका नाही. हात थरथरणार, बाकी तुम्ही ठणठणीत आहात. घरात आणखी कुणाला होतं का असं?”

“वडिलांना,” हे म्हणाले.

सासऱ्यांचा हात मी रोज पाहिला होता. पण आमच्या घरातला एकही फोटो काढून बघा, तो हात दिसायचा नाही. कुठे त्यावर घडी घातलेली चादर आहे, कुठे जाडजूड पुस्तक ठेवलंय, कुठे तो माझ्या पाठीमागे गेलाय. ती सगळी ह्यांची करामत. वडील असे दिसायला नकोत, म्हणायचे. सासरे बिचारे निमूटपणे लेकाकडून आपला हात लपवून घ्यायचे.

आणि आता ह्यांचाच हात. मग दुकान बंद केलं. लोक म्हणाले, मोबाईलने फोटोवाल्यांचा धंदा बसवला. ह्यांनीही मान डोलावली. काही अंशी ते खरंही होतं, म्हणून खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

लेक दूर राहते. तिच्या बाळंतपणाला मी जाऊन आले; हे आले नाहीत, दुकानाची आवराआवर आहे म्हणाले. दुकान कधीच आवरून झालं होतं. फोनवर समोरासमोर बोलताना हात टेबलाखाली असायचे. मला ताकीदच होती, तिला सांगायचं नाही. “ओली बाळंतीण आहे ती. कशाला उगाच डोक्याला ताप?” मी कबूल केलं आणि अडकले.

मग लेकीने कळवलं की बाळाला घेऊन येतेय, चांगली महिनाभर राहते. ह्यांना काय आनंद झाला म्हणता! पाळण्याची जागा रोज बदलायला लागले. इकडे ऊन येतं, तिकडे वारा येतो. नातीचा एक इवलासा फोटो कापून चष्म्याच्या घरात ठेवला होता. चष्मा काढायच्या निमित्ताने दिवसातून कितीदा तरी बघायचे, आणि ह्यांना वाटायचं, कुणाला कळत नाही.

त्यात लेकीचा फोन आला. “बाबा, माझ्या लहानपणीचे व्हिडिओ आहेत ना? ते लॅपटॉपवर घेऊन ठेवा. बाळाला दाखवायचेत.”

“तिला काय कळणार?”

“मला कळेल ना!”

लगेच कॅमेरा कपाटातून निघाला. त्याचा बाजूला उघडणारा पडदा कधीचा काळा पडला होता, त्यामुळे वायर लावून चित्र बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वायरीचं टोक नखाएवढं, भोकही तेवढंच. हे लावायला गेले, हात बाजूला गेला. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. मी म्हटलं, “द्या इकडे.”

“मी आयुष्यभर हेच केलंय,” ते म्हणाले आणि डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरून टोक दाबलं.

कट् असा आवाज झाला. अगदी बारीक. सॉकेट आत गेलं आणि तिरकं होऊन खुळखुळायला लागलं.

हे ओरडले नाहीत, चिडले नाहीत. काचेवर झाकण लावलं, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि हात धुऊन जेवायला बसले. जेवता जेवता म्हणाले, “बाळाला तूच घे हं. मी नाही घेणार. मी आपला जवळ बसून बघेन.”

“का?”

“आज बोटभर वायर लावता आली नाही मला. एवढंसं बाळ कसं धरू? सुटलं हातातून तर?”

“सुटायला काय साबणाची वडी आहे?” मी म्हटलं. मी आणखीही बरंच बोलले. पण ह्यांनी तो पासपोर्टचा चेहरा केला होता, आणि त्या चेहऱ्यापुढे माझं काही चालत नाही.

मला त्या व्हिडिओंचं एवढं काही पडलं नव्हतं. आमची स्तब्ध मंडळी मला तोंडपाठ होती. मला एवढंच हवं होतं, की ह्यांनी नातीला मांडीवर घ्यावं. ज्याच्यासाठी माणूस रोज पाळणा इकडून तिकडे सरकवतो, ते समोर आल्यावर त्याने खिशात हात घालून उभं राहावं, हे मला बघवणार नव्हतं. पण ह्यांच्या मनात मोडलेलं सॉकेट आणि बाळ ह्यांची एकच गाठ बसली होती. बाळाचं नंतर बघू, आधी सॉकेट तरी जोडू, म्हणून मी कॅमेरा आणि सगळ्या कॅसेटी पिशवीत टाकल्या आणि ह्यांना घेऊन दुरुस्तीवालीकडे आले.

ती एरवी मोबाईल दुरुस्त करते. कॅमेरा बघून म्हणाली, “काकू, हे माझ्यापेक्षा थोडंसंच लहान असेल.” पण नाही म्हणाली नाही. सॉकेट मुळासकट उखडलं होतं आणि येताना पट्टीवरचं तांबंही घेऊन आलं होतं. तिने आपल्या भंगाराच्या डब्यातून दुसरा एक मेलेला कॅमेरा काढला, त्याचं सॉकेट सोडवलं आणि ते केसासारख्या तारांनी आमच्या कॅमेऱ्याला जोडायला बसली. ह्यांचं शेजारून चालूच. “शिशाचा डाग जास्त देऊ नका हं.” “ती तार काचेच्या बाजूने घ्या.” ती ‘हो काका, हो काका’ म्हणत होती आणि तिला हवं तेच करत होती. मला ती पोर आवडली.

शेवटी तिने कॅमेरा मिटला, कॅसेट आत ढकलली, वायर आपल्या स्क्रीनला जोडली. स्क्रीन आधी निळा झाला. मग आडव्या रेघा आल्या. मग आम्ही आलो.

मी, लेक, सासरे. घराच्या खिडकीपुढे. काय ते रंग, काय ती माझी जाड वेणी! मी बघतच राहिले.

दुरुस्तीवालीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने एक बटण दाबलं, मग दुसरं. “अडकलं वाटतं.”

“अडकलं नाही,” मी म्हटलं. “आम्ही उभे आहोत.”

“म्हणजे?”

“म्हणजे उभे आहोत. हा व्हिडिओच आहे.”

तिने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. तेवढ्यात आमच्या मागच्या खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगला आणि खाली बसला. ती खुर्चीतच उडाली. “अय्या! पडदा हलला!”

“पडद्याला सांगायचं राहून गेलं,” हे म्हणाले.

ती पोट धरून हसली. मीही हसले. आणि हेसुद्धा, त्या कट् आवाजानंतर पहिल्यांदाच.

जेवढ्या वेळाची कॅसेट तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो, त्यात घाई चालत नाही, असं तिने सांगितलं. त्यामुळे कॅमेरा आणि कॅसेटी तिच्याकडे ठेवून आम्ही घरी आलो, आणि पुढे सगळं झाल्यावर कॅमेरा आणि पेन ड्राइव्ह घेऊन आलो. येताना मी म्हटलं, “बघा, जोडलं गेलं की नाही?”

“तिने जोडलं,” हे म्हणाले. “मी मोडलं होतं.”

म्हणजे गाठ होती तिथेच होती.

लेक आली. हे फाटकात उभे, दोन्ही हात पाठीमागे. एखादे मुख्याध्यापक शाळेच्या दारात उभे राहतात तसे. लेकीने गाडीतून उतरल्या उतरल्या बाळ पुढे केलं, “घ्या बाबा, तुमची नात!” हे वाकून वाकून बघायला लागले. डोळ्यांत पाणी होतं. पण हात मागचे पुढे आले नाहीत. “प्रवासातून आलीयेस, आधी आत चल,” म्हणाले, आणि बॅगसुद्धा मीच उचलली.

दुसऱ्या दिवशी लेक स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली. “आई, बाबा माझ्यावर रागावलेत का?”

“छे गं!”

“मग बाळाला हात का लावत नाहीत? काल दिलं तर म्हणाले हात ओले आहेत. कोरडे ठणठणीत होते, खिशात होते! आज सकाळी दिलं तर म्हणाले सर्दी झालीय. मी बाळंतपणात वाट बघत होते, तेव्हा आले नाहीत. आता घरी आणलं तर हे असं. त्यांना बाळ आवडलं नाही का?”

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शब्द दिलेला. मी भाजीवर झाकण ठेवलं आणि म्हटलं, “त्यांनाच विचार.” मग खोलीत जाऊन ह्यांना गाठलं. “आज सांगा तिला. नाहीतर मी सांगणार. मग माझ्यावर रागावून बसलात तरी चालेल.”

“व्हिडिओ बघून होऊ दे,” हे म्हणाले. “ती खुशीत असेल. मग सांगतो.”

दुपारी जेवणं आटोपून टीव्हीपुढे बसलो. बाळ लेकीच्या खांद्यावर, कुरकुरत. हे सोफ्याच्या टोकाला, हात खिशात. दुरुस्त होऊन आल्यापासून तो कॅमेरा रोज पुसून चार्जिंगला लावलेला असायचा, तसा तो टीव्हीशेजारी होता, जुन्या सवयीने आत कोरी कॅसेट घातलेला.

लेक पहिल्या पाच मिनिटांतच हसून हसून बेजार झाली. “बाबा! काय केलंत हो आमचं! मी दात पडलेले दाखवत उभी आहे नुसती. आई, तू बघ, तू तर श्वासही घेत नाहीयेस.”

“घेत होते. चोरून.”

तळं झालं, केक झाला. मग घरामागची जागा आली. हे मी विसरूनच गेले होते. ह्या वेळी कॅमेरा स्टँडवर होता, आणि ह्यांनी तो चालू करून स्वतःच आमच्यात धावत येऊन उभं राहायचं ठरवलं होतं. काळे कुळकुळीत केस, चप्पल अर्धी निघालेली, तशीच ओढत आले आणि माझ्याशेजारी ताठ उभे राहिले. पुढे सासरे खुर्चीत, मांडीवर घडीची चादर, चादरीखाली हात. त्यांच्या गुडघ्याला टेकून लेक.

आता कॅमेऱ्यामागे कुणीच नव्हतं. आम्ही सवयीने उभे. कुणीच काही बोलेना. सासऱ्यांना बहुधा वाटलं, झालं. चादर सरकली आणि त्यांचा हात बाहेर आला. त्यांनी तो हवेत थोडा सांभाळला आणि नातीच्या पाठीवर ठेवला. तो थरथरत होता. तिच्या फ्रॉकची झालर त्या थरथरीने हलत होती. त्या अख्ख्या चित्रात तेवढीच हलत होती.

शेजारी हे अर्धवट उठले. “पुढे घे ते. पुढचं चांगलं आहे.”

“थांबा ना बाबा!” लेकीने रिमोट मागे घेतला. “आजोबा थोपटतायत मला.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जिथे होते तिथेच राहिले.

“तुम्हाला आठवत नाही?” ती टीव्हीवरून नजर न काढता बोलत होती. “दुपारी मला त्यांच्याजवळ झोपवायचात. आई थोपटायला लागली की तीच आधी झोपायची. मग हात थांबायचा आणि मला जाग यायची. आजोबांचा हात कधी थांबायचाच नाही. मी झोपून उठले तरी थोपटणं चालूच. मी ह्या बाईला थोपटते ना, तर दहा मिनिटांत माझा हात भरून येतो. मला सारखं वाटतं, आजोबा कसे काय थोपटत असतील इतकं? दमत कसे नसतील?”

टीव्हीवर आम्ही उभेच होतो. हात पाठीवर तसाच थरथरत होता. ह्यांनी हळूच खाली बसून घेतलं.

“ते थोपटणं नव्हतं गं,” ते म्हणाले.

“मग?”

ह्यांनी खिशातला हात काढला आणि समोरच्या छोट्या टेबलावर ठेवला. तिथे माझी कपबशी होती. ती किणकिण वाजायला लागली.

“हे होतं.”

लेकीने हाताकडे बघितलं. मग टीव्हीकडे, मग पुन्हा हाताकडे. मला वाटलं आता रडणार. पण ती माझी लेक आहे, ती भडकली.

“कधीपासून?”

“झाले की बरेच दिवस. तसं घाबरण्यासारखं काही नाही, डॉक्टर म्हणाले.”

“आणि मला आज सांगताय? मी काल रात्रभर विचार करत होते की तुम्हाला बाळ आवडलं नाही!”

“आवडलं नाही?” ह्यांचा आवाज फाटला. सदऱ्याच्या खिशातून चष्म्याचं घर काढायला गेले, ते हातातून निसटलं, उघडलं आणि तो इवलासा फोटो जमिनीवर पडला. “अगं, रोज उठून हिचंच तोंड बघतो मी! भीती वाटते गं. ह्या हाताने कॅमेऱ्याचं सॉकेट मोडलं. हिला काही झालं तर मी काय करू?”

लेकीने वाकून फोटो उचलला, बघितला. तिचा राग कुठल्या कुठे गेला. नाक ओढून म्हणाली, “बाबा, आजोबांनी मला कधी पाडलं का?”

हे खरंच आठवायला लागले. एखाद्याने प्रामाणिकपणे हिशेब तपासावा तसे. मग म्हणाले, “नाही. एकदाही नाही.”

“मग मागे टेका.”

“अगं, पण...”

“मागे टेका. आई, उशी दे.”

मी उशी दिली. ती ह्यांच्या मांडीवर ठेवली, आणि लेकीने उशीवर बाळ पालथं निजवलं. बाळ आधीच चिडलेलं, त्यात नवी मांडी. तोंड वाकडं करून रडायची तयारी सुरू झाली. ह्यांचा हात हवेत वर तसाच. सासऱ्यांनी सांभाळला होता अगदी तसा.

“ठेवा,” लेक म्हणाली.

ह्यांनी हात ठेवला. बाळाचं झबलं थरथरायला लागलं. रडं तोंडातच थांबलं. बाळाने डोळे मोठे केले, हे काय चाललंय म्हणून थोडा विचार केला, आणि मग मोठ्या माणसासारखी एक खणखणीत ढेकर दिली. आम्ही तिघंही हसलो, पण आवाज न करता. बाळाच्या पापण्या खाली यायला लागल्या. हात थांबत नव्हता. ह्यांनी थांबवायचा प्रयत्नही सोडून दिला होता, हे त्यांच्या खांद्यांवरून मला कळत होतं. किती महिन्यांनी ते खांदे खाली आले होते.

मी टीव्हीशेजारचा कॅमेरा उचलला. त्याचा पडदा मेलेला असला तरी डोळा लावून बघायचं भोक शाबूत होतं. इतक्या वर्षांत मी तो कधी हातात धरला नव्हता. डोळा लावला तर सगळा अंधार. ह्यांनी मांडीवरचं काही न हलवता मला डोळ्यांनीच खुणावलं: झाकण. मी काचेवरचं झाकण काढलं आणि तांबडं बटण दाबलं.

बाळ झोपलं होतं. लेक पायावर पांघरूण घालायला पुढे झाली, आणि मी जरा जवळून घ्यावं म्हणून एक पाऊल उचललं.

“हलू नका,” हे कुजबुजले. “उठेल ती.”

आम्ही दोघी होतो तिथेच उभ्या राहिलो. लेकीच्या हातात पांघरूण, माझा एक पाय अर्धवट पुढे. टीव्हीवरचं केव्हाच संपून पडदा निळा झाला होता. मी भोकातून बघत होते. चित्रात कुणी हलत नव्हतं, ह्यांचा हात सोडून.